झऱ्यांच्या ओळीने उत्तरेकडे : अ‍ॅडलेड ते अ‍ॅलिस स्प्रिंग्ज

शनिवार : अ‍ॅडलेड ते हॉकर

अ‍ॅडलेडहून अ‍ॅलिस स्प्रिंग्जला जायला सरळ डांबरी रस्ता आहे, पंधराशे किलोमीटरच्या आसपास. बहुतेक लोक त्यानेच जातात. आम्ही तो अर्ध्या वाटेवर धरायचं ठरवलं आणि आधीचा टप्पा ऊडनाडाटा ट्रॅकने करायचा, म्हणजे माती-मुरुमाच्या कच्च्या रस्त्याने. कारण एकच. त्या वैराण मुलुखात झऱ्यांची एक ओळ आहे. मूळ रहिवासी हजारो वर्षं त्या ओळीने चालले. शोधप्रवासी जॉन मॅकडुअल स्टुअर्ट तिच्याच आधाराने उत्तरेला सरकत १८६२ मध्ये खंडाच्या पलीकडच्या किनाऱ्याला पोचला. त्याच्या मागून तारेची लाइन आली, तारेमागून रेल्वे, आणि रेल्वे गेल्यावर उरला हा ट्रॅक. ती ओळ पायाखालून घालायची माझी फार दिवसांची इच्छा होती.

गाडीत नवरा, मी आणि माझा मामेभाऊ. तो माण तालुक्यातला, दहिवडीजवळचा. बोअर मारणाऱ्या गाड्यांमागे धावण्यात लहानपण गेलेला. पाठीवर एक सॅक अडकवून ऑस्ट्रेलिया बघायला आला होता आणि पुढे एकटाच डार्विनकडे जाणार होता. फोर व्हील ड्राइव्ह भाड्याने घेतली, दोन स्टेपन्या, डिझेलचे जादा कॅन, वीस-वीस लिटरचे पाण्याचे कॅन, तंबू, रेडिओ आणि उपग्रहामार्फत मदत मागवणारा बीकन. खाण्याचं म्हणाल तर थालीपिठाची भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी. जुलै महिना, म्हणजे इथला हिवाळा. या बाजूला यायचं तर मे ते सप्टेंबर हेच दिवस. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो.

क्लेअर खोऱ्यातल्या द्राक्षमळ्यांपर्यंत सगळं हिरवंगार. मेलरोझ मागे टाकलं आणि रस्त्याकडेला गॉयडर रेषेची खूण दिसली. इथे मात्र थांबायलाच हवं होतं. जॉर्ज गॉयडर हे दक्षिण ऑस्ट्रेलियाचे सर्व्हेअर-जनरल. १८६५ च्या दुष्काळाची झळ कुठवर बसली आहे हे बघायला ते घोड्यावरून उत्तरेत हिंडले. पावसाच्या नोंदी तेव्हा फारशा नव्हत्याच, म्हणून त्यांनी झाडांवर भरवसा ठेवला. मॅली नावाची खुरट्या निलगिरीची झाडी जिथे संपते आणि खारट पानांचं सॉल्टबुश सुरू होतं, तिथून त्यांनी नकाशावर रेघ ओढली. रेघेच्या दक्षिणेला शेती करा, उत्तरेला फक्त चराई.

लोकांना हे रुचलं नाही. १८७४ मध्ये सरकारने रेषेचं बंधन उठवलं. पुढची काही वर्षं पाऊसही बरा झाला. नांगर लागला की पाऊस मागोमाग येतो असं तेव्हा माणसं खरोखर मानत होती. गावं आखली गेली, शाळा आणि चर्च उभी राहिली, गव्हाची पोती निघाली. १८८० च्या दशकात दुष्काळ परतला आणि ज्यांनी सगळं विकून जमीन घेतली होती ती कुटुंबं बैलगाड्यांत सामान घालून माघारी फिरली. गॉयडरने झाडं बघून ओढलेली रेघ आजही बरोबर ठरते.

मामेभाऊ पाटीपाशी बराच वेळ उभा होता. "आमच्याकडं कुणी अशी रेघ ओढली असती ना ताई, तर आमचं गाव पलीकडंच गेलं असतं. पण माणसं हलली नसती."

क्वॉर्न आणि हॉकरच्या मध्ये कनयाकाचे अवशेष आहेत. दगडी भिंती, धुराड्यांची रांग, मेंढ्यांची लोकर कातरायची लांबलचक शेड. १८५२ मध्ये ह्यू प्रोबी या तरुणाने हा मेंढपाळीचा मळा सुरू केला आणि त्याच वर्षी तो विलोक्रा ओढ्याच्या लोंढ्यात बुडून मेला. वाळवंटात बुडून मरणं ऐकायला विचित्र वाटतं, पण या भागात पाणी येतं ते असंच, एकदम आणि सगळं. पुढे इथे सत्तरेक कुटुंबं राबत होती. दुष्काळाने तीही गेली. मुक्काम हॉकर.

रविवार : हॉकर ते फरीना

फ्लिंडर्स डोंगररांगेवर कुणीही भरभरून लिहावं इतकी ती देखणी आहे, पण आम्ही विल्पेना पाउंड लांबूनच बघितलं आणि पुढे निघालो. ली क्रीकची कोळशाची खाण २०१५ मध्ये बंद झाली, तेव्हापासून ते नेटकं गाव अर्धं रिकामं आहे. लिंडहर्स्टला डांबर संपतं. तिथे मोठा फलक आहे, पुढच्या प्रत्येक कच्च्या रस्त्याचं नाव आणि समोर चालू की बंद. बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड बसतो. आमच्या रस्त्यांची नावं हिरव्यात होती, म्हणजे चालू. टायरची हवा कमी केली, म्हणजे दगडांवर टायर फाटत नाही आणि वाळूत पकड राहते, आणि निघालो.

फरीना हे रेषेपलीकडचं गाव. इथे गहू पिकेल या आशेने वसवलेलं. गहू पिकला नाही. रेल्वे आली तेव्हा काही काळ भरभराट झाली, मग रूळ पुढे सरकले आणि गाव ओस पडलं. पोस्ट ऑफिसच्या भिंती, हॉटेलच्या खिडक्यांच्या चौकटी, खाली जमिनीच्या पोटात असलेली दगडी भट्टी एवढं उरलं. दर हिवाळ्यात देशभरातून निवृत्त मंडळी इथे तंबू ठोकून राहतात, पडक्या भिंती सावरतात आणि त्या जुन्या भट्टीत पाव भाजतात. सगळं विनामोबदला. आम्ही गरम पाव आणि मटणाचं सारण भरून भाजलेले पाई घेतले. पिठाने पांढऱ्या झालेल्या हातांच्या एका आजीबाईंनी आम्हाला भट्टीच्या पायऱ्या उतरून आत नेलं. भिंतीला तळवा टेकवला तर दगड आतून ऊबदार. पडकी गावं सावरायला माणसं अशी राबतात हे बघून मला आपल्याकडचे किल्ले साफ करायला जाणारे तरुण आठवले.

रात्री गारठा शून्याच्या जवळ गेला. तंबूवर दव गोठलं होतं.

सोमवार : मरी, आणि झऱ्यांची सुरुवात

मरीमध्ये जुन्या घान रेल्वेची इंजिनं स्टेशनसमोर गंजत उभी आहेत. नॅरोगेज लाइन पोर्ट ऑगस्टाहून १८७८ मध्ये निघाली, १८९१ मध्ये ऊडनाडाटाला पोचली आणि अ‍ॅलिस स्प्रिंग्जला पोचायला १९२९ साल उजाडलं. पुरात वाहून जाणाऱ्या पुलांना कंटाळून १९८० मध्ये ती बंद केली आणि पश्चिमेकडून नवी लाइन टाकली.

गाडीआधी या मुलखाचं ओझं उंटांनी वाहिलं. १८६६ मध्ये थॉमस एल्डर यांनी कराचीहून शंभरावर उंट आणि ३१ उंटवाले पोर्ट ऑगस्टाला उतरवले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. बलुची, पठाण, पंजाबी, सिंधी, सगळ्यांना इथले लोक सरसकट अफगाण म्हणत. तारेचे खांब, रेल्वेचे स्लीपर, पिठाची पोती, पियानोसुद्धा त्यांच्या उंटांवरून आत गेले. मरीमध्ये त्यांची वस्ती रुळांच्या एका बाजूला, गोऱ्यांची दुसऱ्या बाजूला. मूळ रहिवासीही उंटवाल्यांच्याच बाजूला. १९०१ च्या स्थलांतर-निर्बंध कायद्यानंतर त्यांना मायदेशातून कुटुंब आणणं जवळजवळ अशक्य झालं, नागरिकत्व तर नाहीच. मग मोटारलॉऱ्या आल्या, उंटांचं काम गेलं, आणि पोटच्या पोरांसारखे वाढवलेले उंट मारण्यापेक्षा अनेकांनी ते रानात सोडून दिले. आज वाळवंटात फिरणारे रानउंट त्यांचेच वंशज.

गावात त्यांच्या जुन्या मशिदीची प्रतिकृती आहे. मातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर, समोर लहानसा हौद, बाजूला खजुराची झाडं. एवढीच. ज्या माणसांच्या पाठीवर हा देश उभा राहिला, त्यांच्यासाठी याहून ठळक काहीतरी असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

मरीच्या पुढे ऊडनाडाटा ट्रॅक सुरू. अल्बेरी क्रीकला कुणीतरी दोन जुनी विमानं शेपटीवर उभी करून ठेवली आहेत, त्यांचे फोटो काढून झाले. नव्वदेक किलोमीटरवर उजव्या हाताला लेक एअर साउथ हे सरोवर, रस्त्यालगतच. आराबाना हे इथले मूळ रहिवासी; त्यांनी दिलेलं काटी थांडा हे नाव आता सरकारी नकाशावरही आहे. क्षितिजापर्यंत पांढरं मीठ. या सरोवराच्या उत्तर भागातला तळ समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ मीटर खाली आहे, खंडातली सर्वात खोल जमीन. १९६४ मध्ये डॉनल्ड कॅम्पबेलने याच मिठावर ताशी ४०३ मैल वेगाने मोटार पळवून विक्रम केला. आराबाना लोकांच्या लेखी ही जागा पवित्र आहे आणि तळावर उतरू नका असं ते सांगतात. आम्ही काठावरूनच बघितलं.

मग कर्डिमर्काची एकाकी रेल्वे चौकी, आणि तिथून पुढे डावीकडे वळून वाब्मा काडार्बू हे झऱ्यांचं उद्यान. ज्यासाठी आलो ते हे.

सपाट, राखाडी, झाड नसलेली जमीन. त्यात मधेच एक उंचवटा. वर चढलो तर माथ्यावर गोल तळं, काठाला हिरवीगार लव्हाळी. आराबाना त्याला थिर्का म्हणतात, इंग्रज ब्लांश कप. पाणी आरशासारखं स्थिर. थोड्या अंतरावर दुसरा झरा, पिर्डाली-न्हा, म्हणजे बबलर. त्याच्या काठाशी मी गुडघ्यांवर बसले. तळाची निळसर वाळू आतून फुगत होती, भाताला आधण यावं तशी. फुगा वर येई, त्यावर बारीक रेघांची वर्तुळं उमटत, मग वाळू हलकेच बाजूला सरून खाली बसे, आणि दुसरीकडे नवा फुगा. पाण्याला आवाज जवळपास नव्हताच. आराबाना कथेत इथे एका पूर्वजाने कानमारी नावाचा महासर्प मारला. बबलरमधली हालचाल ही त्याची अखेरची तडफड, थिर्का ही त्याला शिजवलेली जागा आणि पलीकडची हॅमिल्टन टेकडी म्हणजे त्याचं डोकं. समोर उभं राहिलं की तिन्ही जागा एका नजरेत येतात.

हे पाणी ग्रेट आर्टेशियन बेसिनचं. ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या हिश्श्याहून मोठ्या भागाखाली, सतरा लाख चौरस किलोमीटर, वालुकाश्मात पाणी दबून आहे. त्यातलं बरंचसं पूर्वेकडच्या क्वीन्सलंडमधल्या डोंगरांवर पडलेल्या पावसाचं. खडकातून इंचाइंचाने सरकत इकडे यायला त्याला लाखो वर्षं लागतात. खोऱ्याच्या या कडेला भेगा सापडतात आणि ते आपल्याच दाबाने वर येतं. येताना आणलेले क्षार आणि वाऱ्याने आलेली वाळू साचून साचून हे उंचवटे झाले.

मामेभाऊ काहीच बोलेना. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आमच्या मळ्यात सातशे फूट गेलो. नुसता फुफाटा निघाला. आणि इथं कुणी न मारता वर येतंय."

तरी इथेही माणसाने ते मुबलक समजून उधळलंच. गेल्या शतकात हजारो बोअर मारून तोंडं उघडी ठेवली आणि गुरांसाठी मैलोन्‌मैल मातीच्या चरांतून पाणी सोडलं. त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त उडून आणि मुरून जात असे. दाब घटला, कितीतरी झरे आटले. आता बोअरना झाकणं आणि नळ बसवायचं काम वर्षानुवर्षं चालू आहे आणि काही ठिकाणी दाब परत वाढतोय. ऑलिंपिक डॅमची तांबे-युरेनियमची खाण मात्र याच साठ्यातून पाणी उचलते, आणि आराबाना लोकांचा त्याला विरोध आहे. बबलरच्या काठावर बसून तो फुगा बघितल्यावर मला तरी त्यांचं म्हणणं पुरतं पटलं.

मुक्काम कवर्ड स्प्रिंग्ज. जुन्या रेल्वेच्या स्लीपरनी बांधलेल्या छोट्या कुंडात कोमट पाणी. खजुराखाली तंबू. नवऱ्याने थालीपिठं लावली, शेजारच्या तंबूतलं जर्मन जोडपं चटणीसह खाऊन गेलं.

मंगळवार, बुधवार : विल्यम क्रीक

पहाटे तंबूवर थेंब वाजले. पंचाहत्तर किलोमीटरवरच्या विल्यम क्रीकला कसेबसे पोचलो आणि दुपारी रस्ता बंद झाला, दोन्हीकडून. पाऊस म्हणाल तर आपल्याकडे छत्रीसुद्धा उघडली नसती इतका. पण इथली चिकणमाती थोड्या पाण्याने लोण्यासारखी होते. पंपापासून हॉटेलपर्यंत चालले तर बुटाला चार बोटं चिखलाचा थर चढला, आणि दगडावर घासूनही निघेना. अशा मातीत गाडी गेली की खोल चाकोऱ्या पडतात, त्या वाळून दगड होतात आणि महिनोन्‌महिने मागच्यांना त्रास देतात. म्हणून बंदी.

विल्यम क्रीकची वस्ती दहा-बारा माणसांची. भोवती अ‍ॅना क्रीक, जगातला सर्वात मोठा गुरांचा मळा. हॉटेलच्या छताला आणि भिंतींना जाणाऱ्या-येणाऱ्यांनी चिकटवलेल्या चिठ्ठ्या, व्हिजिटिंग कार्डं, टोप्या. आत अडकलेले सगळे एकमेकांचे झाले. एका ट्रकवाल्याने मामेभावाला शिकवलं की महामार्गावर रेडिओ चॅनल ४० वर ठेवायचा, आणि गाडी बंद पडली तर काहीही झालं तरी गाडी सोडून चालत जायचं नाही. गाडी विमानातून दिसते, माणूस दिसत नाही. या मुलखात जे मेले त्यांतले बरेच पाणी शोधायला निघालेले होते.

गुरुवार : वरून सरोवर, खाली कूबर पेडी

आकाश निवळलं. सकाळी छोट्या विमानातून सरोवरावर चक्कर मारली. महाग आहे, पण माझ्या मते इथवर येऊन ती चुकवू नये. क्वीन्सलंडमध्ये पाऊस पडतो, डायमंटिना, जॉर्जिना आणि कूपर क्रीकच्या फाटलेल्या पात्रांतून तो पाझरत शेकडो किलोमीटर उतरतो आणि कधीकधीच इथवर पोचतो. समुद्राला मिळत नाही. खंडाच्या सहाव्या हिश्श्याचं पाणी या खळग्याकडे उतरतं. आम्हाला उत्तरेकडे पाण्याचा पातळ पट्टा दिसला, कडेला गुलाबी, मध्ये दुधी. त्यावर पांढरे ठिपके, पेलिकन.

दुपारी रस्ता उघडला. १६६ किलोमीटर, कूबर पेडी. १९१५ मध्ये चौदा वर्षांच्या मुलाला इथे ओपल हे रत्न सापडलं आणि तेव्हापासून लोक खणतायत. पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांनी खंदकांची सवय इथे आणली, जमिनीखाली घरं कोरली. वर पंचेचाळीस अंश असो की पाच, आत बावीस-पंचवीस. आम्हीही एका कोरलेल्या खोलीत झोपलो. भिंतीवर यंत्राने कापलेल्या लाल-पांढऱ्या वर्तुळाकार खुणा, खिडकी नाही, दिवा मालवला की स्वतःचा हात दिसत नाही. सर्बियन लोकांनी कोरलेलं चर्च जरूर बघा. गावाला पाणी बोअरचंच, खारं, ते यंत्राने गोडं करून पुरवतात.

संध्याकाळी कांकू-ब्रेकअवेजच्या रंगीत टेकड्या आणि त्यांच्या पुढ्यातलं डिंगोचं, म्हणजे इथल्या रानकुत्र्यांचं कुंपण. सुमारे ५,६०० किलोमीटर लांब साधी जाळी. दक्षिणेला मेंढरं, उत्तरेला डिंगो.

शुक्रवार : स्टुअर्ट हायवे

डांबर. दिवसभर गाडी, मार्ला ओलांडून एर्लडंडापर्यंत. रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेला पन्नास मीटरहून लांब ट्रक, समोरून आली की गाडी हलते. ओव्हरटेक करायला नजर पोचेल तितका मोकळा रस्ता लागतो. मेलेल्या कांगारूंवर बसलेले गरुड उडायला वेळ लावतात, म्हणून वेग कमी करावा. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचावं, कांगारू तेव्हाच रस्त्यावर येतात. वाटेत पावसाने फुललेली स्टर्टची डेझर्ट पी दिसली, रक्तासारखी लाल, मध्ये काळा टपोरा डोळा. तिच्यासाठी दोनदा थांबलो.

शनिवार : उलुरू

३४८ मीटर उंचीचा एकच खडक, घेर साडेनऊ किलोमीटरला जरा कमी. फोटो सगळ्यांनी बघितलेत. फोटोत न येणारी गोष्ट म्हणजे त्याच्या पायथ्याचं पाणी. मुटिट्जुलू कुंडाकडे जाणारी वाट सावलीची, रिव्हर रेड गमच्या पांढऱ्या बुंध्यांमधून जाते. खडकावर वरून खाली काळे पट्टे उतरलेत. पाऊस पडला की तिथूनच धबधबे येतात, आणि ते शेवाळाचे माग आहेत. इथले मूळ रहिवासी आनंगू लोक सांगतात की कुनिया अजगरी आणि लिरू सापाची लढाई इथे झाली. काही जागांचे फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, त्या पाळाव्यात. १९८५ मध्ये ही जमीन आनंगूंना परत मिळाली आणि २०१९ मध्ये वर चढणं कायमचं बंद झालं. आम्ही भोवतीची पूर्ण वाट चाललो. चढून जाण्यात काय मिळत असेल ते मला कळत नाही. फिरून बघताना दर वळणावर खडक बदलतो.

रविवार, सोमवार : अ‍ॅलिस स्प्रिंग्ज

शहराबाहेर जुनं तारघर आहे, १८७२ चं. चार्ल्स टॉड यांच्या देखरेखीखाली पोर्ट ऑगस्टा ते डार्विन तार ओढली गेली आणि इथे मोर्सचा कडकडाट ऐकून कारकून तो पुढे पाठवत. डार्विनहून समुद्रतळाने जावा, सिंगापूर, मद्रास, मग मुंबई, एडन आणि लंडन. बातमीला लागणारे महिने तासांवर आले. आपल्या मुंबईतून गेलेले शब्द या दगडी खोलीतून गेले, हे कळल्यावर मामेभावाने टेबलावरच्या मोर्सच्या पितळी खटक्यावर बोट ठेवून बघितलं. याच इमारतींत १९३२ ते १९४२ या काळात आईबापांपासून तोडलेल्या मिश्र वंशाच्या आदिवासी मुलांना ठेवलं होतं. तोही इतिहास तिथे स्पष्ट लिहिलेला आहे, आणि तो वाचल्याशिवाय बाहेर पडू नये.

तारघरासमोर टॉड नदीच्या पात्रात ज्या पाण्यावरून गावाचं नाव पडलं ते डबकं आहे. तो झरा नाहीच. वाळूखाली खडक आडवा आल्यामुळे नदीचं पाणी तेवढ्यापुरतं वर थांबतं. मामेभावाने पात्रात उतरून वाळू उकरली, हातभर खाली ओल लागली. "बंधाऱ्याला जागा एक नंबर," तो म्हणाला, आणि नवऱ्याला विचारलं, "दाजी, इथं बांधू देतील का हो?"

सोमवारी रात्री त्याने सॅक आवळली. डार्विनची बस टेनंट क्रीक, कॅथरिन करत पंधराशे किलोमीटर जाते. भाजणीचं उरलेलं पाकीट आणि पाण्याच्या दोन बाटल्या त्याच्याकडे दिल्या. मंगळवारी आम्ही गाडीची हवा पुन्हा डांबराच्या मापाने भरली, फाटलेला एक टायर दुरुस्त करून घेतला आणि दक्षिणेला निघालो. कच्च्या रस्त्यावर जाणार असाल तर रस्त्यांची स्थिती रोज सकाळी बघा, माणशी दिवसाला दहा लिटर पाणी धरा, उद्यानांचे परवाने आधी काढा, आणि वाब्मा काडार्बूला अर्धा दिवस तरी ठेवा. विल्यम क्रीकला आमच्यासारखं अडकलात तर विमानासाठी पैसे राखून असू द्या.